थेंबे थेंबे तळे साचते का?

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. दुष्काळात फिंच पक्ष्यांच्या चोची जाड झाल्या, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, हे मला पटतं. ते माणसांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. पण चोच अर्धा मिलिमीटर वाढणं कुठे आणि चार पायांच्या प्राण्याचा देवमासा होणं कुठे! मधलं काय, असं विचारलं की जो तो ‘भरपूर वेळ’ एवढंच सांगतो. मॅडम, नुसता वेळ पुरतो का? की लहान बदलांचा आणि मोठ्या बदलांचा कारखानाच वेगळा आहे?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मी जरा ओशाळले. ‘भरपूर वेळ’ हे उत्तर मीही २२ वर्षं वर्गात देत आले. फळ्यावर डावीकडे एक ठिपका, उजवीकडे एक ठिपका, मधे सरळ रेघ, आणि तोंडानं ‘थेंबे थेंबे तळे साचे’. मुलं निमूटपणे उतरवून घ्यायची. जीवाश्मांवर काम करणाऱ्या बाईनं तरी असं करायला नको होतं.

आधी वेळेचा हिशेब करून टाकू. ४० ग्रॅमचा उंदीर घ्या. दर पिढीला त्याच्या वंशाचं सरासरी वजन हजारात एक भागानं वाढतं असं धरा. हा बदल इतका बारीक की तराजू घेऊन बसलात तरी दोन पिढ्यांत तो हाती लागणार नाही. एकाच पिढीतल्या उंदराउंदरांत याहून कितीतरी जास्त फरक असतो. पण चक्रवाढीनं १२,००० पिढ्यांत ते वजन साडेसहा टनांच्या आसपास पोचतं. म्हणजे हत्ती झाला. पिढी पाच वर्षांची धरली तरी ६०,००० वर्षं. हा हिशेब मूळचा लेडयार्ड स्टेबिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाचा; मी तो फक्त कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिला. खडकांच्या भाषेत ६०,००० वर्षं म्हणजे काहीच नाही, एखाद्या थरात ती अख्खी गडप होतात.

तेव्हा वेळ पुरतो. पुरतो कसला, उतू जातो! आणि खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण प्रत्यक्षात तसं झालेलं नाही. २०१२ मध्ये ॲलिस्टर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवरून अंदाज काढला, की उंदराएवढ्या प्राण्यापासून हत्तीएवढ्यापर्यंत यायला कमीत कमी २ कोटी ४० लाखांच्या आसपास पिढ्या लागतात. बारा हजारांच्या दोन हजार पट.

म्हणून तुमचा प्रश्न मी उलटा करून मांडते. लहान बदल मोठ्याला पुरतात का, हे सोडा. लहान बदल एवढे भराभर होतात, तर ते जातात कुठे?

तुमच्याच फिंचकडे जाऊ. गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर नावाच्या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून एकेका पक्ष्याच्या पायात कडं घालून त्याची चोच मोजत होतं. १९७७ ला पाऊस आलाच नाही. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी संपवल्या आणि मागे राहिली आपल्या सराट्याच्या एका जातभाईची काटेरी, टणक फळं. ती फोडायला दणकट चोच लागते. बाराशेच्या आसपास असलेले मध्यम भूफिंच दोनशेच्याही खाली आले, आणि वाचलेल्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त जाड होती. पिल्लांतही तो फरक उतरला. ग्रँटनी हिशेब केला, की असे वीसेक दुष्काळ एकाच दिशेनं पडले तर या मध्यम फिंचचा शेजारच्या थोरल्या फिंचएवढा पक्षी होईल. दर दहा वर्षांनी एक दुष्काळ धरला तर २०० वर्षांत! पुस्तकं बहुतेक इथंच थांबतात.

पुढची गोष्ट अशी. १९८२-८३ मध्ये एल निन्योचा धो धो पाऊस झाला. बेटावर वेली माजल्या, बारीक बियांचा सडा पडला. त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी तगले. चोच परत मागे. ग्रँट दांपत्यानं चाळीस वर्षांत पाहिलेला आलेख म्हणजे कुणीतरी काळजीत असताना खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालाव्यात तसा आहे. दिवसाकाठी दहा मैल चालणं होतं, पण माणूस असतो त्याच खोलीत.

या येरझाऱ्यांना आकडाही देता येतो. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी उत्क्रांतीच्या वेगासाठी ‘डार्विन’ नावाचं एकक सुचवलं: दहा लाख वर्षांत एखादं माप सुमारे २.७ पट झालं तर वेग एक डार्विन. घोड्याच्या पूर्वजांच्या दातांसाठी त्यांचा आकडा एका डार्विनच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा आला. उलट त्रिनिदादच्या ओढ्यांतले गप्पी मासे डेव्हिड रेझनिक यांनी शिकारी मासे नसलेल्या पाण्यात नेऊन सोडले, तेव्हा काही वर्षांतच हजारो डार्विनचे वेग मिळाले. १९८३ मध्ये फिलिप जिंजरिच यांनी अशी ५२१ मोजमापं एकत्र मांडली आणि त्यातून जे दिसलं ते मला अजूनही चकित करतं: मोजण्याचा कालावधी जितका लांब, तितका वेग कमी. प्रयोगशाळेत हजारो डार्विन, जीवाश्मांत एका डार्विनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. निसर्ग पूर्वी सुस्त होता आणि आता चपळ झाला असा याचा अर्थ नाही. लांबून मोजलं की जाणं आणि येणं एकमेकांना खोडतं.

हे मी माझ्या हातांनी पाहिलेलं आहे, म्हणून तर ओशाळले. माझ्या कपाटात जीवाश्म शिंपल्यांचे १४ ट्रे आहेत. एकाच कड्यातल्या एकावर एक अशा १९ थरांमधून काढलेले, सगळे एकाच प्रजातीचे. तरुणपणी व्हर्निअर कॅलिपर घेऊन प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी मोजली. पहिल्या दहा थरांत जाडी चढत गेली; माझा आनंद गगनात मावेना. अकराव्या थरात उतरली, तेराव्यात थोडी चढली, मग पुन्हा उतरली. आज एकोणिसाव्या थरातला शिंपला पहिल्याच्या शेजारी ठेवला, तर चिठ्ठी वाचल्याशिवाय मलाही ओळखता येत नाही. वर्गात मी पहिल्या दहा थरांचाच आलेख दाखवायचे. ‘तास संपत आलाय’ असं कारण स्वतःला द्यायचे. कबुली उशिरा देते आहे, पण देते आहे.

नाइल्स एल्ड्रिज आणि स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मोठ्यानं म्हटलं ते हेच: जीवाश्मांत बहुतेक प्रजाती लाखो वर्षं जवळजवळ तशाच राहतात, आणि बदल दिसतो तो प्रजाती फुटते त्या सुमारास, भूशास्त्रीय मानानं पटकन. त्यावर बरीच वर्षं हमरीतुमरी झाली. पुढे २०११ मध्ये जोसेफ उयेदा आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या आकाराची जिवंत प्राण्यांवरची, जीवाश्मांमधली आणि वंशवृक्षांवरून काढलेली मोजमापं एकाच आलेखात बसवली. सुमारे दहा लाख वर्षांपर्यंत बदल एका पट्ट्यात अडकलेला दिसतो. त्याच्या पुढे मात्र तो पट्टा फाटतो आणि अंतर वाढत जातं. तळ्याला गळती आहे. तरी काही पाणी साठतं, आणि लहान-मोठ्या बदलांमधला दुवा शोधायचा तो या साठणाऱ्या पाण्यात.

ते साठतं कसं, याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर डग्लस फुटुयमा यांचं आहे, १९८७ मधलं. समजा एका प्रजातीचे पक्षी दोन खोऱ्यांत राहतात. एका खोऱ्यात चोच जाड होते. पुढे हवामान बदलतं, खोऱ्यांमधली वाट मोकळी होते, दोन्हीकडचे पक्षी जोड्या जमवतात आणि कमावलेली जाड चोच दुधात पाणी मिसळावं तशी पातळ होऊन जाते. ती फुकट जाऊ नये म्हणून एकच गोष्ट आधी घडलेली असावी लागते: दोन्ही खोऱ्यांतल्यांनी एकमेकांशी संकर करणं सोडलेलं असणं. वेगळी प्रजाती होणं म्हणजे कडी लागणं. फुटुयमा गिर्यारोहकाच्या खिळ्याचा दाखला देतात: खिळा ठोकल्यानं कोणी वर चढत नाही, पण ठोकलेला असला की घसरून पायथ्याला येत नाही.

गंमत म्हणजे ही कडी लागताना ग्रँटनी त्याच बेटावर पाहिली. १९८१ मध्ये शंभर किलोमीटरहून लांबच्या एस्पान्योला बेटावरचा एक दांडगा नर डॅफ्नीवर येऊन पडला. स्थानिक मादीशी त्याची जोडी जमली. त्याच्या पिल्लांनी बापाचं वेगळं गाणं उचललं, आणि दोन-तीन पिढ्यांत हा वंश आपापसातच जोड्या करू लागला. तो टिकेल की पुन्हा मिसळून जाईल, ते बेट ठरवेल. बहुतेक खिळे निखळतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, कारखाना वेगळा आहे का. उत्परिवर्तन (जनुकांत अचानक होणारा बदल), निवड, योगायोग, संकर, हे सगळं तेच. पण प्रजाती तयार झाल्या की एक वरचा मजला उभा राहतो आणि तिथंही निवड चालते: कोणत्या प्रजाती फुटून वाढतात आणि कोणत्या निर्वंश होतात. खालच्या मजल्यावर जिंकणारा वरच्या मजल्यावर हरू शकतो. वांगी, टोमॅटो, धोत्रा यांचं कुळ घ्या. या कुळातल्या बऱ्याच वनस्पती स्वतःचाच परागकण ओळखतात आणि नाकारतात. ही सोय मोडायला सोपी, पुन्हा जोडायला जवळपास अशक्य. आणि मोडण्यात फायदाही आहे: कीटक आले नाहीत तरी बी धरतं. त्यामुळे एकेका झुडपाच्या पातळीवर स्वपरागण पुन्हा पुन्हा जिंकतं. त्या हिशेबानं आज सगळं कुळ स्वपरागणी असायला हवं. ते तसं नाही. एमा गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या कुळाचा वंशवृक्ष तपासला तेव्हा दिसलं, की स्वपरागणाकडे वळलेल्या शाखा उगवतात भराभर आणि मरतातही भराभर; दुसऱ्याच्या परागावर अडून बसलेल्या शाखाच शेवटी जास्त प्रजाती मागे ठेवतात. हे चित्र तुम्ही फुलात भिंग घालून कितीही वर्षं पाहिलंत तरी दिसणार नाही. आणि फुलात काय होतं ते माहीत नसेल तर समजणारही नाही.

त्याहून वरचा मजला प्रलयांचा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या संहाराआधी शिंपले आणि गोगलगायींच्या प्रजातींना दूरवर पसरलेलं असणं फायद्याचं ठरत होतं. ज्यांच्या अळ्या समुद्रात तरंगत लांब जात त्या जास्त टिकत. डेव्हिड जाब्लॉन्स्की यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की संहाराच्या वेळी हे गुण कुचकामी ठरले. तरला तो ज्याच्या भाईबंद प्रजाती मिळून जास्त प्रदेशभर पसरल्या होत्या. लाखो वर्षं घोटलेला अभ्यास आणि परीक्षेला दुसराच विषय.

देवमाशाचं राहिलं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस हा चार पायांवर चालणारा, लांडग्याएवढा प्राणी. पण त्याच्या कानाच्या हाडाचा एक काठ जाड, देवमाशांत असतो तसाच. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या बॅसिलोसॉरसपर्यंत शरीर पूर्ण पाण्यातलं झालं, मागचे पाय नावापुरते उरले. मधले रोडोसेटससारखे प्राणी सापडले आहेत, ज्यांच्या घोट्याचं हाड त्यांचं नातं थेट हरीण-डुकरांच्या गणाशी जोडतं. एक कोटी वर्षं. आपल्या उंदराच्या हिशेबानं हे गोगलगायीच्या चालीनं झालं. फिंचपेक्षा इथं वेगळं काय होतं? माझं मत असं, की पाऊस परत येतो तसा समुद्र मागे फिरत नाही. पाण्यात उतरून ज्यांचं पोट भरू लागलं त्यांच्यावर निवडीचा रेटा पिढ्यानपिढ्या एकाच बाजूनं राहिला, आणि वाटेत प्रजाती फुटत गेल्या, खिळे बसत गेले. बहुतेक वंशांच्या नशिबी अशी एकमार्गी वाट नसते. माझ्या शिंपल्यांच्या तर नव्हतीच.

प्रश्न : एकाच मोठ्या उत्परिवर्तनानं उडी मारून नवा प्राणी तयार होऊ शकतो का? मी ‘आशेचा राक्षस’ असा काहीतरी शब्द वाचला होता.
– एक वाचक

उत्तर : शब्द (मूळ इंग्रजीत ‘होपफुल मॉन्स्टर’) जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांचा, आणि १९४० मध्ये त्यांनी मांडलेल्या या कल्पनेची पुढे भरपूर टिंगल झाली. मुख्य आक्षेप साधा आहे: राक्षस जन्मला तरी त्याला जोडीदार कुठला? (वनस्पतींना हा आक्षेप तितकासा लागू नाही. गुणसूत्रांचे संच दुप्पट होऊन ट्रॅगोपोगॉन या रानफुलाच्या दोन नव्या प्रजाती विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाल्या, मॅरियन ओनबी यांनी १९५० मध्ये त्यांचं वर्णन केलं.)

पण गोल्डश्मिट अगदीच वाया गेलेले नाहीत. स्टिकलबॅक नावाचा समुद्री मासा हिमयुग ओसरल्यावर गोड्या तळ्यांमध्ये अडकला, आणि कितीतरी तळ्यांत त्याच्या ओटीचे काटे, म्हणजे आपल्या मागच्या पायांच्या जागी असलेला अवयव, गायब झाला. अवयवच्या अवयव! कारण शोधलं तर पिटएक्स१ नावाच्या जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा गळालेला. जनुक शाबूत, ते इतर ठिकाणी लागतं, ते बिघडलं तर मासाच जगणार नाही. फक्त ओटीपुरतं ते चालू करणारं बटण गेलं. एका बदलाचा एवढा मोठा परिणाम, हे गोल्डश्मिटना आवडलं असतं. मात्र हे बटण गेलेला पहिला मासा जन्मला त्या दिवशी तळ्यात काहीच घडलं नाही. बाकी सगळे मासे काटेवालेच होते. पुढे त्या एकाचे दहा, दहाचे हजार झाले ते नेहमीच्याच निवडीनं. नेवाडात एक कोटी वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचा गाळ आहे, वर्षावर्षाचा थर मोजता येतो असा. त्यात जुन्या स्टिकलबॅकचे काटे काही हजार वर्षांत झिजत गेलेले दिसतात. जीवाश्मवाल्या माणसाला इतकं बारीक घड्याळ क्वचित मिळतं. मला तर त्या गाळाचा हेवा वाटतो.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह होतो. रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ ला एकाच ई. कोलाय जिवाणूच्या बारा वसाहती बारा चंबूंत वाढवायला घेतल्या. चंबूत सायट्रेट नावाचं रसायन पडलेलं असायचं, पण हवा असताना ते खाता न येणं ही तर ई. कोलायची ओळखच. ३१,००० हून जास्त पिढ्यांनंतर एका चंबूतल्या जिवाणूंना ते जमलं. बाकी अकरांत नाही. झॅकरी ब्लाउंट यांनी गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा जागवून पाहिल्या, तेव्हा कळलं की ही युक्ती फक्त त्या वंशाच्या नंतरच्या पिढ्यांनाच पुन्हा साधते. आधी काही किरकोळ बदल होऊन जमीन तयार झालेली होती. उडी दिसली ती शेवटची पायरी होती.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. सूक्ष्म-उत्क्रांती आणि स्थूल-उत्क्रांती या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत असं लिहू की एकच प्रक्रिया आहे असं? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : ही जोडी यूरी फिलिपचेंको या रशियन शास्त्रज्ञानं १९२७ मध्ये बनवली, आणि त्याला त्या दोन वेगळ्या वाटत होत्या. त्याचाच शिष्य थिओडोसियस डोबझान्स्की यानं १९३७ मध्ये ते शब्द इंग्रजीत नेले आणि म्हटलं, तूर्त दोन्हींमध्ये बरोबरीचं चिन्ह टाकून काम करू. गुरुशिष्यांचं भांडण तुझ्या दोन पुस्तकांपर्यंत पोचलेलं दिसतंय.

तू लिही, की सूक्ष्म म्हणजे प्रजातीच्या आत पिढ्यापिढ्यांमध्ये होणारा बदल, स्थूल म्हणजे प्रजाती आणि त्याहून वरच्या पातळीवरचा. कच्चा माल एकच, पण वरच्या पातळीवर प्रजाती फुटणं आणि नामशेष होणं हीसुद्धा मोजावी लागतात. वरच्या उत्तरातली वांग्याच्या कुळाची गोष्ट दोन ओळींत घाल. आणि प्रश्न ‘फरक स्पष्ट करा’ असा आला, तर यातलं काही लिहीत बसू नकोस. मधे उभी रेघ मारून दोन रकाने आख.